आजी म्हणते सकाळ, वही म्हणते उदास



ऑक्टोबरच्या सुट्टीत आपल्या शनिवारच्या वर्गातली चार घरे मिळून लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत गेलो होतो. चित्रांपेक्षा डबे कुठे उघडायचे यावरच जास्त चर्चा झाली, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण एका चित्रापुढे आमच्या घरात एक छोटासा वाद झाला. तो मला तिथल्या तिथे मिटवता आला नाही, म्हणून हा लेख.

चित्र होते क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे. नाव 'आर्जांतयमधील शरदाचा परिणाम', साल १८७३. दोन्ही बाजूंना पानगळीच्या रंगातली झाडे, मध्ये नदीचे पाणी आणि लांबवर एक गाव. माझी अकरा वर्षांची मुलगी दोन सेकंद पाहून म्हणाली, "सॅड पेंटिंग आहे."

"कशावरून गं?"

"ऑटम आहे ना! ऑटम म्हणजे म्हातारपण आणि मरण. शाळेच्या वहीत लिहिलंय."

माझी आई, म्हणजे तिची आजी, तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती. कोटावर शाल घेऊन ती मागे उभी होती. चष्मा सावरत पुढे आली आणि म्हणाली, "उदास कुठलं गं? किती लख्ख ऊन पडलंय! मला तर दिवाळीच्या आधीची सकाळ वाटतेय."

मुलीने माझ्याकडे पाहिले. "आई, कोण बरोबर?"

"दोघीही बरोबर," मी म्हटले आणि सगळ्यांना घेऊन पुढच्या दालनात गेले. आपण पालक अडचणीत सापडलो की हेच उत्तर देतो. पण परतीच्या गाडीत मुलीने पुन्हा विचारले, "दोघी बरोबर कशा असतील? मग मी परीक्षेत आजीचं उत्तर लिहिलं तर मार्क मिळतील का?" आजी खिडकीतून बाहेर पाहत होती. नंतर स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "मी उगाच बोलले. आम्हाला काय कळतंय चित्रातलं?"

हे वाक्य मला लागले. आजीला चित्रातले कळत नाही, असे आजीने आणि नातीने दोघींनी मनात पक्के केले, तर चूक माझ्या गुळमुळीत उत्तराची. म्हणून आता नीट उत्तर देते. मी चित्रकार नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या कामात एकाच गोष्टीतून दोघांना वेगळी उत्तरे मिळाली, तर 'दोघेही बरोबर' म्हणून घरी जाता येत नाही. फरक नेमका कुठे पडला, हे शोधावे लागते.

आधी नुसते पाहू

चित्र फार मोठे नाही. उंची ५५ सेंटीमीटर आणि रुंदी सुमारे ७५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या वर्गातल्या बाकावर सहज मावेल एवढे. डावीकडे आणि उजवीकडे केशरी-सोनेरी झाडांची गर्दी आहे. मधून पाणी येते, आणि त्या पाण्यात झाडांचे केशरी प्रतिबिंब पडले आहे. पाण्याच्या टोकाला गडद निळ्या रंगाची एक पट्टी आहे. ती सेन नदीची मुख्य धार. तिच्या पलीकडे फिकट पांढरी-निळसर घरे आणि चर्चचा उंच मनोरा दिसतो. वर फिकट निळे आकाश आणि पांढरे ढग.

आता पायांखाली पाहा. चित्राच्या खालच्या कडेला जमीन नाही, किनारा नाही. नुसते पाणी आहे. मग चित्र पाहणारा माणूस, म्हणजे आपण, उभे कुठे आहोत? आपण होडीत आहोत. मोनेने एक होडी घेऊन तिच्यावर छोटी खोली बांधून घेतली होती आणि तीच त्याची तरंगती चित्रशाळा होती. दोबिन्यी नावाच्या वडीलधाऱ्या चित्रकाराने त्याच्या आधीच अशी होडी वापरली होती. हे चित्र मोनेने आपल्या होडीतून काढले असे मानतात, आणि चित्रातल्या पाण्याकडे पाहिले की ते पटते.

हा मोने कोण?

मोने १८४० साली जन्मला. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले तेव्हा तो लंडनला येऊन राहिला. म्हणजे तोही काही काळ आपल्यासारखाच इथला पाहुणा होता, बरं का! युद्ध संपल्यावर हॉलंडमार्गे तो फ्रान्सला परतला आणि १८७१ च्या डिसेंबरात पॅरिसपासून सुमारे ११ किलोमीटरवरच्या आर्जांतय या गावी पत्नी कामीय आणि छोटा मुलगा जाँ यांच्यासह राहू लागला. १८७८ पर्यंत तो तिथे होता. १८५१ पासून तिथे आगगाडी येत होती, त्यामुळे पॅरिसचे लोक सुट्टीच्या दिवशी होड्या वल्हवायला येत. गावात कारखानेही वाढत होते.

उघड्यावर बसून चित्र काढायची सोय त्या काळात नुकतीच झाली होती. पूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी एकदा टोचली की नीट बंद होत नसे आणि रंग वाळून जाई. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचे, म्हणजे आजच्या टूथपेस्टसारख्या ट्यूबचे पेटंट घेतले. टोपण लावले की रंग ताजा. चित्रशाळा पाठीवर टाकून नदीवर जाता येऊ लागले.

१८७४ च्या एप्रिलमध्ये मोने आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरवले. त्यात मोनेचे सूर्योदयाचे एक चित्र होते. त्याच्या नावात 'ठसा' या अर्थाचा फ्रेंच शब्द होता. लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने त्या शब्दावरून सगळ्यांची टर उडवली, आणि टिंगलीतून मिळालेले नाव पुढे सगळ्या जगाने मानाने घेतले. इंग्रजीत त्याला इम्प्रेशनिझम म्हणतात. मराठीत त्याला दृक्प्रत्ययवाद असा भारदस्त शब्द आहे. दृक् म्हणजे नजर, प्रत्यय म्हणजे अनुभव. नजरेला जसे जाणवले तसे रंगवायचे, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

केशरी आणि निळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्राचा भाव, ज्याला शाळेत मूड म्हणतात, तो येतो कुठून?

इथे एका रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगायलाच हवी. पॅरिसमध्ये गोबलाँ नावाचा विणकामाचा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथे भिंतीवर लावायची चित्रांची वस्त्रे विणत. मिशेल शेव्हरल हे तिथल्या रंगविभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्या कापडाच्या घड्यांमधल्या सावल्या नीट उठून दिसत नाहीत. त्यांनी तो काळा रंग तपासला. रंगात काहीच खोट नव्हती! दोष शेजाऱ्यांचा होता. त्याच काळ्याशेजारी निळा-जांभळा धागा आला की आपल्या डोळ्यांना तो काळा वेगळा भासे. मग त्यांनी पुष्कळ प्रयोग केले आणि १८३९ साली रंगांच्या शेजारधर्मावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्या धंद्यातही असे फार वेळा होते. तक्रार एका भागाची येते आणि चूक शेजारच्या भागात निघते.

शेव्हरलचा एक नियम लक्षात ठेवा. रंगचक्रात समोरासमोर असलेले दोन रंग, म्हणजे पूरक रंग, शेजारी ठेवले की दोघेही अधिक तेजस्वी दिसतात. लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा आणि निळ्यासमोर केशरी. पटत नसेल तर घरी करून पाहा. केशरी कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग चटकन पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर निळसर ठिपका तरंगताना दिसेल. केशरी पाहिल्यावर निळ्याची हाक डोळेच देतात.

आता मोनेचे चित्र आठवा. झाडे केशरी, आणि मधले पाणी, मागची पट्टी, वरचे आकाश निळे. केशरी निळ्याला उजळवतो, निळा केशरीला. आजीने ज्याला लख्ख ऊन म्हटले ते हेच. चित्रात सूर्य कुठेही काढलेला नाही. तरी ऊन आहे, कारण दोन रंगांनी एकमेकांना उजळून ते तयार केले आहे.

झेरॉक्सचा प्रयोग

आपले वार्तापत्र काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघते, त्यामुळे चित्र सोबत छापता आले नाही. पण गॅलरीतून आणलेले पोस्टकार्ड मी हट्टाने एकदा झेरॉक्स करून पाहिले, आणि बरे झाले केले.

कागदावर केशरी झाडे आणि निळे पाणी जवळपास एकाच राखाडी रंगाची होऊन बाहेर आली. दोन्ही बाजूंना काळपट ढीग, मध्ये मळकट पट्टा, लांबवर पुसट घरे. मी तो कागद मुलीपुढे ठेवला. ती म्हणाली, "आता खरंच सॅड दिसतंय." आजीला दाखवला. ती म्हणाली, "मळभ आल्यासारखं झालंय गं. पाऊस येणार बहुतेक."

पोस्टकार्डावरही पानगळ आहे आणि झेरॉक्सवरही तीच पानगळ आहे. झाडे तीच, पाणी तेच, गाव तेच. बदलले फक्त रंग. ऋतू तोच राहिला आणि भाव बदलला. म्हणजे या चित्रातला भाव ऋतूच्या नावात नव्हता, रंगांत होता. वहीतले वाक्य 'ऑटम आहे म्हणून उदास' असे होते. त्यातला 'म्हणून' हा शब्द या चित्रापुढे टिकत नाही.

फटकारे आणि ओरखडे

रंगांइतकाच भाव कुंचल्याच्या फटकाऱ्यांतही असतो. पाने मोनेने एकेक करून रेखलेली नाहीत. रंगाचे छोटे छोटे ठिपके एकावर एक टाकले आहेत. त्यामुळे झाडे स्थिर उभी न वाटता हलकीशी सळसळताना वाटतात. पाण्यात मात्र फटकारे रुंद आणि मऊ आहेत, म्हणून पाणी संथ वाटते. वर सळसळ आणि खाली शांतता, असे दोन्ही एकाच वेळी जाणवते ते यामुळे.

आणखी एक गंमत. उजवीकडच्या झाडाजवळ जाऊन पाहिले तर रंगात ओरखडे दिसतात. ओल्या रंगाचा थर दाट झाला तेव्हा मोनेने कुंचला उलटा धरून दांड्याच्या टोकाने रंग खरवडला. थर फाटला आणि झाडाच्या आत उजेड आला. आपण चित्र बिघडले की नवा कागद मागतो. मोनेने बिघडलेल्या जागेतूनच हवा खेळवली. मुलांनो, पुढच्या वेळी गॅलरीत गेलात तर हे ओरखडे शोधा. हात मात्र लावू नका!

भाव वेगळा, प्रतीक वेगळे

आता वहीतल्या दुसऱ्या शब्दाकडे वळू. ऑटम हे मरणाचे प्रतीक आहे, असे त्यात लिहिले होते. प्रतीक म्हणजे काय, हे आपल्याला समजायला अवघड नाही, कारण दसऱ्याला आपण सगळेच एक प्रतीक हातात घेतो.

दसऱ्याला आपण आपट्याची पाने देतो आणि म्हणतो, सोने घ्या. ती पाने हिरवी असतात. त्यांच्यात सोन्यासारखे काहीही दिसत नाही. तरी साताऱ्यापासून लंडनपर्यंत प्रत्येक मराठी माणूस ते पान सोने म्हणून घेतो, कारण आपण सगळ्यांनी तसे ठरवले आहे. आपल्या शेजारच्या इंग्रज आजोबांना तेच पान दिले तर ते म्हणतील, छान पान आहे. त्यांच्या नजरेत काही कमी नाही. हा ठराव झाला तेव्हा ते हजर नव्हते, इतकेच.

प्रतीक असे ठरवून होते आणि ठराव माहीत असेल त्यालाच कळते. भाव मात्र चित्रातल्या रंग, रेषा, उजेड, अंतर यांतून थेट येतो, म्हणून तो चित्रावर बोट ठेवून दाखवता येतो. हा फरक ध्यानात घेतला की अर्धे भांडण मिटते.

पानगळ म्हणजे मरण हा युरोपातला जुना ठराव आहे आणि तो खोटा नाही. काही चित्रकारांनी तो जाणूनबुजून वापरला. मँचेस्टरच्या कलादालनात जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचे 'ऑटम लीव्ह्ज' हे १८५६ चे चित्र आहे. संध्याकाळ झाली आहे. चार मुली वाळलेल्या पानांचा ढीग करून जाळत आहेत आणि त्यातून धूर निघतो आहे. मुली लहान आहेत, पण चेहरे गंभीर आहेत. सर्वांत धाकटीच्या हातात सफरचंद आहे. चित्रातल्या गांभीर्याने पाहणाऱ्याच्या मनात धार्मिक चिंतन जागे व्हावे, अशी आपली इच्छा होती असे मिलेने स्वतः एका पत्रात लिहिले आहे. तिथे वहीतले वाक्य चपखल बसते. मावळता उजेड, जळणारी पाने, कोवळ्या मुली, सगळी बोटे एकाच दिशेला आहेत.

मोनेच्या चित्रात मात्र दिवसाचा उजेड आहे. काही जळत नाही, कुणी विचारात पडलेले नाही, मुळात माणूसच काढलेला नाही. आणि नावही पाहा. मोनेने 'शरद' एवढेच नाव दिले नाही, 'शरदाचा परिणाम' म्हटले. परिणाम या अर्थाचा तो फ्रेंच शब्द चित्रकार नेहमी वापरत. अमुक वेळी, अमुक हवेत उजेड कसा दिसतो, ते सांगायला. बर्फाचा परिणाम, धुक्याचा परिणाम, तसाच हा. नाव आपल्याला सांगते की उजेडाकडे बघा.

इथे एक सापळाही आहे. कुणी म्हणेल, मोनेची पत्नी कामीय तरुणपणीच वारली, तेच दुःख या झाडांत उतरले असेल. पण कामीय गेली १८७९ साली, चित्र १८७३ चे. त्या सुमारास पॉल द्युराँ-र्‍युएल हा चित्रांचा व्यापारी मोनेची चित्रे विकत घेत होता आणि घरी बरे दिवस होते. पुढे घडणाऱ्या दुःखाचा माग आधीच्या चित्रात काढणे बरोबर नाही. आम्ही संगणकवाले तारखा आधी तपासतो, ती सवय इथेही उपयोगी पडते.

शरद की शिशिर?

मग आजीला दिवाळी कुठून दिसली? याचे उत्तर कोशात आहे, आणि आपल्या मुलांनी ते मुद्दाम समजून घ्यावे असे मला वाटते.

इंग्रजी-मराठी कोशात ऑटमसमोर शरद ऋतू असे असते. महिन्यांच्या हिशेबाने ते ठीकच आहे. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक, साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ. पण महाराष्ट्रात तेव्हा काय असते? पाऊस थांबलेला, आकाश धुऊन निघालेले, नद्या भरलेल्या, शेते पिकाला आलेली. नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी सगळे याच दोन महिन्यांत. शरदाचे चांदणे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आटवलेल्या दुधात पडलेला पौर्णिमेचा चंद्र येतो. पानगळ येतच नाही.

आपल्याकडे पाने गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. कारणही वेगळे. इंग्लंडमध्ये दिवस लहान आणि थंड होतात तशी झाडे पानांतले हिरवे द्रव्य मोडून काढून घेतात, आत लपलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो आणि पाने गळतात. सह्याद्रीतली बरीच झाडे पाने टाकतात ती पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत पाणी वाचवायला. आणि नेमक्या त्याच दिवसांत, शिमग्याच्या आसपास, निष्पर्ण पळस केशरी फुलांनी पेटून उठतो. म्हणजे साताऱ्याच्या आजीच्या आठवणीत केशरी झाड हे फुललेले झाड आहे, आणि स्वच्छ निळे आकाश व भरलेली नदी ही सणाच्या दिवसांची हवा आहे. तिने मोनेच्या चित्रात निळे आकाश, भरलेले पाणी आणि ऊन पाहिले. तिच्या ऋतूंच्या कोशात त्याचा अर्थ एकच लागतो.

कोशात एका शब्दासमोर दुसरा शब्द छापता येतो, पण त्यामागची हवा बदलता येत नाही. आपली मुले दोन्ही कोश घेऊन वाढत आहेत. त्यांच्या गोंधळाचे कारण तेच आहे, आणि थोडी समजूत दिली तर त्यांची श्रीमंतीही तीच आहे.

मग बरोबर कोण?

आता मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. आजीच्या वाक्यात दोन भाग होते. 'लख्ख ऊन पडलंय' हा भाग चित्रावर बोट ठेवून दाखवता येतो, आणि तो कुठल्याही परीक्षेत लिहिता येईल. 'दिवाळीच्या आधीची सकाळ' हा भाग चित्रात नाही, तो आजीत आहे. तो चुकीचा नाही. मात्र लिहिताना 'मला असे वाटते, कारण माझ्या गावी' असे म्हणून लिहावा.

मुलीच्या वाक्यातही दोन भाग होते. 'ऑटम म्हणजे मरण' हा ठराव खरा आहे, पण या चित्रात त्याचा पुरावा सापडत नाही. 'उदास' हा शब्द मात्र मी तिला लगेच सोडू दिला नाही. म्हटले, वही मिटव आणि तुला का वाटले ते चित्रातूनच शोध. पोस्टकार्ड घेऊन ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "माणसं कुणीच नाहीत. आणि गाव दिसतंय, पण खूप लांब आहे. आपण होडीत आहोत आणि मध्ये सगळं पाणीच आहे." थोडे थांबून म्हणाली, "सॅड नाही, पण जरा एकटं आहे."

हे तिने चित्रातून काढलेले, तिचे स्वतःचे उत्तर होते आणि त्याला पुरावा होता. आजीने ते ऐकले आणि पोस्टकार्ड पुन्हा हातात घेतले. "खरंच की," ती म्हणाली, "माझं उन्हाकडेच लक्ष होतं. गाव लांब आहे हे मी बघितलंच नव्हतं." आजीचे परतीचे तिकीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचे होते. पोस्टकार्ड ती सोबत घेऊन गेली. झेरॉक्स आमच्या फ्रिजवर आहे.

मुलीने शाळेत जे लिहिले ते थोडक्यात असे: चित्रात ऊन आहे आणि एकटेपणही आहे, केशरी-निळ्या रंगांमुळे ऊन आणि दूरच्या गावामुळे एकटेपण. मार्क किती पडले ते सांगत नाही, कारण लेख मार्कांसाठी नाही. आजीला फोनवर ते वाचून दाखवले, तेव्हा तिने विचारले, "माझं ऊन लिहिलंस ना?"

घरी करून पाहा

मुलांनो, पुढच्या शनिवारी येताना पानगळीचे कोणतेही एक चित्र आणा. पुस्तकातले, कॅलेंडरवरचे किंवा तुम्ही काढलेले. आधी दोन मिनिटे नाव न वाचता पाहा. मग तीन वाक्ये मराठीत लिहा. पहिले, मला काय दिसते. दुसरे, मला काय वाटते आणि ते चित्रात कुठे आहे. तिसरे, मला कशाची आठवण येते. ही तीन वाक्ये एकमेकांत मिसळू देऊ नका.

आणि पालकहो, घरी आजी-आजोबा आलेले असतील तर तेच चित्र त्यांनाही दाखवा, भारतात असतील तर फोनवर वर्णन करून सांगा. त्यांचीही तीन वाक्ये मुलांच्या हाताने लिहून घ्या. शनिवारी आपण ती सगळी वर्गात वाचू.